टीव्हीवर फोटो बघायचेत: पेन ड्राइव्ह, कास्ट, मिररिंग की सरळ केबल?

फोनमध्ये हजारो फोटो पडलेत आणि बघत कोणीच नाही, ही बहुतेक घरांची गोष्ट. मग कधीतरी चार माणसं जमतात, एकच फोन हातोहात फिरतो, कोणीतरी चुकून भलताच फोटो सरकवतं, कोणीतरी झूम करूनच बसतं, आणि शेवटी एकजण म्हणतो अरे टीव्हीवर लाव ना. लाव ना म्हणायला काय जातंय. लावायला बसलं की कळतं की रस्ते चार-पाच आहेत आणि प्रत्येकात काहीतरी गोम आहे.

मी हे सगळे प्रकार करून बसलोय, काही हौसेने, काही नाइलाजाने. आता कोणी विचारलं तर मी आधी उलटा प्रश्न विचारतो: टीव्हीवर फोटो चालू असताना तुम्ही फोन खिशात घालून घराबाहेर पडलात, तर फोटो चालू राहिले पाहिजेत का? उत्तर हो असेल तर निम्मे पर्याय तिथेच बाद. नाही असेल तर बरंच सोपं आहे.

पेन ड्राइव्हपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जुनाट वाटतो आणि अजूनही सगळ्यात कमी दगा देतो. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला यूएसबीचं भोक असतंच, त्यात खुपसायचा, रिमोटवरून फोल्डर उघडायचं, स्लाइड शो. वाय-फाय नको, अकाउंट नको, पासवर्ड नको. माझ्या आईला कास्ट हा शब्दसुद्धा ऐकायचा नसतो पण रिमोटचा उजवा बाण दाबत ती दोन-दोन तास फोटो बघते, मधे थांबते, मागे जाते, परत पुढे. फोनवाल्या कुठल्याही प्रकारात तिला हे एकटीला जमणार नाही, जमवायचंही नाहीये.

पण पेन ड्राइव्हची सगळी मेहनत आधी असते. पहिल्यांदा मी आयफोनचे फोटो जसेच्या तसे कॉपी करून दिले आणि टीव्ही म्हणाला फाइल सपोर्ट होत नाही. कारण असं की २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून आयफोन फोटो एचईआयसी फॉरमॅटमध्ये ठेवतो, आणि खूप टीव्हींना अजून फक्त जेपीजीच कळतो. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कंपॅटिबल केलं की पुढचे फोटो जेपीजीत निघतात, आधीचे मात्र कन्व्हर्ट करावे लागतात. दुसरी गंमत मॅकवाल्यांसाठी: मॅकवरून पेन ड्राइव्हवर कॉपी केलं की प्रत्येक फोटोबरोबर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक छुपी फाइल जाऊन बसते, कॉम्प्युटरवर ती दिसत नाही पण टीव्हीला दिसते, आणि मग स्लाइड शोमध्ये एक फोटो, एक काळा स्क्रीन, एक फोटो, एक काळा स्क्रीन. मी अर्धा दिवस टीव्ही बिघडला समजून बसलो होतो.

क्रम पण बघा. काही टीव्ही फोटो नावाप्रमाणे लावतात, तारखेप्रमाणे नाही, आणि नाव म्हणजे अक्षरशः नाव, त्यामुळे १ च्या नंतर १० येतो आणि २ बिचारा मागे राहतो. फाइलला ००१, ००२ असे नंबर दिले की प्रश्न मिटतो. आडवे पडलेले फोटो हा आणखी एक ताप. फोन उभा धरून फोटो काढला तरी फाइल बऱ्याचदा आडवीच सेव्ह होते आणि हा उभा दाखव अशी एक चिठ्ठी आत असते, फोन ती वाचतो, जुने टीव्ही वाचत नाहीत, मग सगळे मान वाकडी करून बघतात. कॉम्प्युटरवर खरोखर फिरवून परत सेव्ह करायचे, दुसरा इलाज नाही.

ड्राइव्ह फॅट३२ मध्ये (म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायच्या एका जुन्या पद्धतीत) फॉरमॅट असेल तर जवळपास कुठलाही टीव्ही वाचतो, फक्त ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही, म्हणजे फोटोंना काही फरक नाही पण लांबलचक व्हिडिओ अडतो. नवे टीव्ही एक्सफॅट ही नंतरची पद्धत पण घेतात, तिथे ही अडचण नाही.

आता कास्ट. फोनवर गुगल फोटोज उघडायचं, कास्टचं चिन्ह दाबायचं, टीव्हीचं नाव निवडायचं, झालं. यात एक गोष्ट मला फार आवडते आणि ती लोकांना नीट माहीतच नसते: कास्टमध्ये फोनचा स्क्रीन टीव्हीवर जात नाही, फोन फक्त हा फोटो दाखव एवढं सांगतो आणि टीव्ही तो फोटो स्वतः ओढून घेतो. म्हणजे मधे मेसेज आला, फोन आला, तरी टीव्हीवर तसलं काही दिसत नाही. आयफोनवाल्यांचं एअरप्ले पण फोटोंच्या बाबतीत वापरायला साधारण असंच, आणि २०१९ पासून बऱ्याच कंपन्यांच्या टीव्हींमध्ये ते आतच असतं, वेगळा अॅपल टीव्हीचा डबा लागेलच असं नाही.

गोम कुठे? फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर पाहिजेत. पाहुणे गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरने पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या वाय-फायवर असतील तर त्यांना तुमचा टीव्ही दिसणारच नाही आणि मग सगळे राउटर बंद-चालू करत बसतात. फोटो क्लाउडवर असतील तर इंटरनेट गेलं की फोटो गेले. आणि फोन तुमच्या खिशात, म्हणजे तुम्ही निघालात की कार्यक्रम संपला, किंवा टीव्हीवर शेवटचा फोटो तसाच लटकून राहतो.

पण याच घराण्यातला एक प्रकार माझ्या वरच्या परीक्षेत पास होतो, तो म्हणजे टीव्हीचा स्क्रीनसेव्हर. गुगल टीव्हीमध्ये अॅम्बियंट मोडला गुगल फोटोजचा एखादा अल्बम जोडता येतो, अॅपल टीव्हीला आणि अॅमेझॉनच्या फायर टीव्हीलाही स्वतःचे फोटो स्क्रीनसेव्हरला लावता येतात. एकदा जोडलं की टीव्ही रिकामा बसला की फोटो आपोआप फिरायला लागतात, कोणाला काही दाबायला नको. आणि अल्बम शेअर केलेला असेल तर दुसऱ्या गावी राहणारी बहीण फोटो टाकते आणि इकडे टीव्हीवर तो आपोआप येतो, हे पेन ड्राइव्हला कधीच जमणार नाही. फक्त एक करा, अल्बम वेगळा बनवा आणि हाताने निवडलेले फोटोच त्यात ठेवा. फोनमधले सगळे फोटो जोडलेत तर गॅसच्या मीटरचा फोटो, औषधाच्या पाकिटाचा फोटो आणि कुठल्यातरी बिलाचा स्क्रीनशॉट तुमच्या भिंतीवर दिमाखात फिरतील. आमच्याकडे मीटर दोन आठवडे फिरत होता.

मिररिंगचं थोडक्यात उरकतो कारण मला ते आवडत नाही. यात फोनचा अख्खा स्क्रीन जसाच्या तसा टीव्हीवर जातो. अँड्रॉइडवर यामागे बहुतेक वेळा २०१२ साली आलेलं मिराकास्ट नावाचं तंत्र असतं, त्याला राउटर लागत नाही, फोन आणि टीव्ही थेट बोलतात, म्हणून जिथे वाय-फायच नाही तिथे कामाला येतं. एवढा एक गुण. बाकी फोन उभा धरला की टीव्हीच्या मधोमध बारीक पट्टी, फोन लॉक झाला की खेळ खल्लास, फोटो सरकवला की टीव्हीवर मागून लंगडत येतो, आणि नोटिफिकेशन सगळ्यांसमोर. मला एकदा भरल्या घरात बँकेचा मेसेज आला होता, बॅलन्ससकट. करणारच असाल तर आधी डू नॉट डिस्टर्ब लावा. आणि सगळ्या फोनमध्ये मिराकास्ट असतं असं नाही, गुगलच्या पिक्सेलमध्ये नाहीये, तर टीव्ही सापडत नाही म्हणून टीव्हीला दोष देऊ नका.

केबल म्हणजे हुकमी एक्का, पण रोजचा नाही. लॅपटॉपला एचडीएमआय लावायची, टीव्हीचा इनपुट बदलायचा, दिसलं. फॉरमॅटचा प्रश्न नाही, क्रमाचा नाही, इंटरनेटचा नाही, जे लॅपटॉपवर उघडतं ते टीव्हीवर दिसतं. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट अशा नावाचा पर्याय शोधा. फोनवरून थेट केबल काढायची असेल तर जरा जपून, नुसतं यूएसबी-सी भोक आहे म्हणजे चित्र बाहेर येतंच असं नाही, त्यात डिस्प्लेपोर्टची, म्हणजे त्याच भोकातून चित्र बाहेर पाठवायची सोय लागते आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ती नसते. आयफोन १५ मध्ये आहे. केबल आणि अडॅप्टर विकत घ्यायच्या आधी फोनची माहिती तपासा, मी नंतर तपासली होती.

क्वालिटीबद्दल लोक उगाच घाबरतात. ४के टीव्ही म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, म्हणजे जेमतेम ८३ लाख, आणि साधा फोनसुद्धा १२ मेगापिक्सेलचा फोटो काढतो, म्हणजे १ कोटी २० लाख. त्यामुळे कुठलाही ओरिजिनल फोटो टीव्हीला पुरून उरतो. मार खातो तो व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो, तो येताना दाबून लहान केलेला असतो आणि मोठ्या टीव्हीवर चेहरे पुसट दिसतात, शिवाय काढल्याची तारीख पण आतून गायब होते त्यामुळे क्रमाची वाट लागते. टीव्हीसाठी फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा सांगा.

आणि उभे फोटो. याला कुठल्याच पद्धतीत औषध नाही. फोनचा उभा फोटो ३ बाय ४ चा, टीव्ही १६ बाय ९ चा, उंची पूर्ण भरली तरी रुंदीचा जेमतेम ४२ टक्के भाग भरतो, बाकी दोन्हीकडे काळोख. काही स्क्रीनसेव्हर दोन उभे फोटो शेजारी शेजारी लावतात ते बरं दिसतं. उगाच झूम करून भरायला जाऊ नका, डोकी कापली जातात. हो, आणि टीव्ही विव्हिड मोडवर असेल तर माणसं भाजून काढल्यासारखी दिसतात, सिनेमा किंवा मूव्ही मोड लावा, मग चेहऱ्याचे रंग माणसासारखे येतात. ओएलईडी टीव्ही असेल तर एकच फोटो तासन्‌तास अडकवून ठेवू नका, स्क्रीनवर त्याचा डाग राहू शकतो, फिरता ठेवा.

तर कोणी काय घ्यावं. घरात वयस्कर माणसं आहेत, त्यांना स्वतः बघायचंय: पेन ड्राइव्ह, डोळे झाकून, पण फाइली तुम्ही नीट करून द्या. घर लांब आहे आणि नवे फोटो सतत जायला हवेत, तिथे इंटरनेट बरं आहे: शेअर केलेला अल्बम आणि स्क्रीनसेव्हर, सेटिंग एकदा स्वतः जाऊन करून या, फोनवरून समजावायच्या भानगडीत पडू नका. मित्र जमलेत, कालच्या ट्रिपचे फोटो आत्ता बघायचेत: कास्ट किंवा एअरप्ले. मोठा कार्यक्रम, पन्नास माणसं, चूक चालणार नाही: लॅपटॉप आणि केबल, आणि पेन ड्राइव्ह खिशात असू द्या. फक्त फोटोंसाठी नवा टीव्ही किंवा सॅमसंगच्या फ्रेमसारखा चित्राच्या चौकटीवाला टीव्ही घ्यावा का, असं विचारत असाल तर टीव्ही तसाही बदलायचा असेल तरच.

आमच्याकडे सध्या दोन्ही चालू आहे. हॉलमध्ये अल्बम फिरतो, आणि आईच्या खोलीतल्या टीव्हीला मागे पेन ड्राइव्ह कायम लावलेला. मध्ये एकदा ऑफिसच्या कामाला मी तो काढून नेला आणि दोन दिवस परत लावायला विसरलो. आता त्याच्यावर चिकटपट्टी आहे आणि तिच्या अक्षरात लिहिलंय, काढू नये.