सुट्टीत लांबचा प्रवास की जवळची भटकंती?

सणासुदीच्या सुट्टीत लांबच्या प्रवासाला निघावे की राहत्या ठिकाणाच्या आसपास भटकावे, याचा निर्णय अनेक जण खर्चावरून घेतात. माझ्या मते तो हाती असलेल्या वेळेवरून घ्यायला हवा. चार दिवसांच्या सुट्टीतून जाण्यायेण्याचे दोन दिवस वजा केले तर दोनच उरतात, आणि तेही नेमके रेल्वे, विमाने व महामार्ग गर्दीने ओसंडत असताना. प्रवास अनेक कालविभाग ओलांडणारा असेल, तर शरीराच्या घड्याळाला जुळवून घ्यायला तासाभराच्या फरकामागे साधारण एक दिवस लागतो. पूर्वेकडे जाताना हा त्रास अधिक जाणवतो, कारण उशिरा झोपण्यापेक्षा लवकर झोपणे बहुतेकांना अवघड जाते.

तरीही अनोळखी गावात रस्ता चुकण्यात आणि खाणाखुणांनी पत्ता विचारण्यात जी मौज आहे, ती ओळखीच्या परिसरात क्वचितच मिळते, हे मान्य करायलाच हवे.

जवळच्या भटकंतीचे बळ तिच्या लवचिकपणात आहे. पाऊस आला तर बेत उद्यावर ढकलता येतो, लहान मूल कंटाळले तर अर्ध्यातून परतता येते आणि आजी-आजोबांनाही सोबत नेता येते. मात्र अशा दिवशी सकाळीच घराबाहेर पडावे, नाहीतर घरातली कामे सुट्टी गिळून टाकतात. संग्रहालये व उद्याने सणाच्या दिवशी उघडी आहेत का, हेही आधी पाहावे. सुट्टी आठवडाभराहून कमी असेल, तर मी निःसंकोचपणे जवळच्या भटकंतीचीच शिफारस करेन.