साउंडबार की रिसीव्हर आणि सुटे स्पीकर?

खोली लहान असेल आणि वायरींचा कंटाळा असेल, तर टीव्हीच्या आवाजासाठी साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांब पट्टी) बरा. एक एचडीएमआय केबल टीव्हीच्या एआरसी पोर्टला (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं एचडीएमआय पोर्ट) जोडली की झालं. पण डावे-उजवे स्पीकर एकाच पट्टीत कोंबलेले असल्याने आवाज फारसा पसरत नाही, आणि आतलं काही बिघडलं की अख्खी पट्टीच दुरुस्तीला.

सिनेमासाठी वेगळी खोली असेल तर मी साउंडबारकडे बघणारही नाही. एव्ही रिसीव्हर (आवाज वाढवून प्रत्येक स्पीकरला वाटून देणारा डबा) आणि सुटे स्पीकर हे प्रकरण किचकट खरं, पण कमी बजेटला तेच जास्त मानवतं, कारण सगळं एकदम घ्यावं लागत नाही. आधी पुढची जोडी. मग सेंटर, म्हणजे मधला स्पीकर; चित्रपटातले बहुतेक संवाद तिथूनच येतात. मागचे दोन शेवटी आले तरी चालतं. सबवूफर (खर्जाचा स्पीकर) जोडल्यावर रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. त्याखालचा आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, म्हणून सबवूफर कोपऱ्यातही खपून जातो (तिथे तो जरा जास्तच घुमतो, हा भाग वेगळा).

रिसीव्हर वापरलेला घेतलात तरी हरकत नाही, फक्त एचडीएमआय पोर्ट एकेक करून तपासून घ्या.