वॉकी-टॉकीपायी २०,७०० रुपये घालवले

सहा सेट, प्रत्येकी ३,४५०, एकूण २०,७०० रुपये. यूपीआयने, आगाऊ. सहा गाड्यांच्या ऑफ-रोड ट्रिपसाठी पुढाकार माझा, वर्गणी गोळा केली तीही मीच. म्हणून मनाला जास्त लागतं.

वेबसाइटवर किंमत ३,९९० होती. फोनवर विक्रेता म्हणाला, थेट घ्या, स्वस्तात देतो. इथेच थांबायचं होतं. जाहिरातीत '१६ किमी रेंज, लायसन्स नको'. घाटात दुसऱ्या वळणालाच आवाज गेला. मध्ये डोंगर आला की या सेटच्या रेडिओ लहरी (यूएचएफ) अडतात, हे मलाही माहीत आहे. पण शेवटची गाडी चिखलात रुतून चाळीस मिनिटं हाका मारत होती आणि आम्हाला पत्ता नाही! त्या गाडीत दोन लहान मुलं होती.

खोकं उघडलं तेव्हाच कळायला हवं होतं. बॅटरीमागे स्टिकर: ४००–४७० मेगाहर्ट्झ, ५ वॅट. आपल्याकडे विनापरवाना वॉकी-टॉकीला ४४६.० ते ४४६.२ एवढाच पट्टा आहे. ईटीए नंबर, म्हणजे उपकरणाच्या सरकारी मंजुरीचा क्रमांक, कुठेच नाही. मी ते वाचलं. फोन केला. 'साहेब, सगळे हेच वापरतात.' आणि मी बॅटरी परत बसवली. तो क्षण डोळ्यांसमोरून हलत नाही. ट्रिप दोन दिवसांवर, पैसे गेलेले. अशा वेळी कुणीही विश्वास ठेवला असता.

ईटीए नंबर आधी, पैसे नंतर. वेबसाइटबाहेर व्यवहार नकोच.

तक्रारीचं तर विचारूच नका. हेल्पलाइनवर म्हणाले, माल मिळाला ना, मग फसवणूक कसली? वेबसाइटने हात वर केले, व्यवहार आमच्याकडे झालाच नाही म्हणे. चौकीत मलाच दरडावलं: 'विनापरवाना सेट तुमच्याकडे कसे?' म्हणजे फसलेला मी आणि आरोपीही मीच! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये वॉकी-टॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती ग्राहकाला दिसलीच पाहिजे. मी त्याची प्रत टेबलावर ठेवली. कुणी उचलूनही पाहिली नाही. तीन चकरा, दोन रजा.

'चॅनल ४४६ वर लावून घे' म्हणणारे भेटतील. ऐकू नका, ईटीए नसलेला सेट त्याने कायदेशीर होत नाही. नवे सेट परत करायची मुदत संपायच्या आत टेकाडाआड उभं राहून बोलून बघा. जाहिरातीतले किलोमीटर मोकळ्या माळावरचे असतात.

पाच जणांचे १७,२५० मी खिशातून परत केले. सेट कपाटात आहेत. विकायचे तर दुसऱ्याला फसवावं लागेल.