आजोबांची एचएमटी जनता: ओएलएक्सवर विकावी की ईबेवर?

एका मैत्रिणीकडे आजोबांचं जुनं मनगटी घड्याळ आहे, एचएमटी कंपनीचं ‘जनता’ मॉडेल. ते कुठे विकावं, हाच तिच्यासमोर पेच आहे.

आधी किंमत. ओएलएक्सवर दिसतात ते मागितलेले आकडे, प्रत्यक्ष मिळालेले नव्हेत. ईबेवर ‘विकलेले’ असा फिल्टर लावला की सौदे खरोखर कितीला झाले ते कळतं. त्यामुळे कुठेही विका, भाव ईबेवरच पाहा. मात्र डायल मूळ आहे का, हे आधी तपासा. भारतीय जुन्या घड्याळांच्या डायल सर्रास पुन्हा रंगवलेल्या असतात, आणि जाणकार तिथेच भाव पाडतो. रंगवलेली असेल तर स्पष्ट लिहा. मागचं झाकण घड्याळजीकडून उघडून आतल्या यंत्राचा फोटो टाका. पॉलिश मात्र करू नका, जुनेपण जातं.

मेहनत ईबेवर जास्त, कारण गिऱ्हाईक परदेशातलं: कमिशन, निर्यातीची कागदपत्रं, पार्सल, शिवाय माल परत येण्याची शक्यता. ओएलएक्सवर घासाघीस फार, पण समोरासमोर रोख व्यवहार होतो. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही. कोणी तसं सांगितलं तर तो ठग समजा.

साधी, चालू जनता असेल आणि लवकर मोकळं व्हायचं असेल तर ओएलएक्स. मूळ डायलचं दुर्मिळ मॉडेल हाती असेल, थांबायची तयारी असेल, तर ईबेच.