टेलि-मानस १४४१६ : आरोग्यसेविकेने स्वतःसाठी लावलेला फोन

आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर १४४१६ या क्रमांकाचे भित्तिपत्रक मी स्वतःच्या हाताने लावले होते. पोषण दिवसाला जमलेल्या बायकांना तो क्रमांक मी अनेकदा वाचूनही दाखवला होता. तरीही हा फोन आपणही करू शकतो, हे माझ्या ध्यानात यायला दीड वर्ष जावे लागले.

टेलि-मानस ही केंद्र शासनाची दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिची मध्यवर्ती संस्था आहे. सेवा चोवीस तास चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतात आणि गरज भासल्यास तज्ज्ञांकडे सोपवतात.

मी फोन केला त्याला कारण एक बाळ होते. जन्मतः वजन कमी असलेल्या नवजाताच्या घरी आशाताई ३ऱ्या आणि ७व्या दिवशी जाऊन आल्या होत्या. बाळ ११व्या दिवशी गेले. बारसेही झाले नव्हते. १४व्या दिवसाच्या भेटीचा रकाना कोराच राहिला. पुढच्या मासिक सभेत एका नोंदीतील त्रुटीबद्दल मला सर्वांसमक्ष जाब विचारण्यात आला आणि त्यानंतर माझी झोप उडाली. रात्री दोन वाजता उठून मी जुन्या नोंदवह्या काढायची आणि आणखी कुठे काही राहून गेले आहे का, ते पाहत बसायची. दिवसा लसीकरणाच्या सत्रात एखादे मूल रडले तरी मला काहीच वाटेनासे झाले, आणि मला सर्वांत जास्त भीती वाटली ती याचीच.

क्वार्टरमध्ये घरचे झोपलेले असल्यामुळे मी प्रसूतिकक्षाचे दार लावून फोन लावला. पलीकडच्या ताईंनी ‘सकारात्मक विचार करा’ असे एकदाही म्हटले नाही. झोप, जेवण, घरात कोण आहे, हे विचारून झाल्यावर त्यांनी जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ शब्दांत विचारले. हा प्रश्न इतक्या शांतपणे विचारता येतो, हे मला त्या रात्री शिकायला मिळाले. बाळंतिणींशी बोलताना मी आजवर तो टाळतच आले होते. मग त्यांनी त्या ११ दिवसांत माझ्या हातात काय होते आणि काय नव्हते, हे एकेक करून माझ्याकडून वदवून घेतले. चाळीस मिनिटे गेली, पण त्यांनी कुठेही घाई केली नाही. दोन आठवड्यांत झोप सुधारली नाही तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. मला तिथे जावे लागले, आणि वेळेवर गेले याचे समाधान आहे.

सरकारी सेवा म्हटल्यावर ही गोष्ट वरिष्ठांच्या कानावर जाईल, ही धास्ती आपल्यापैकी अनेकींना असते. सेवेत माहिती गोपनीय ठेवली जाते आणि मी कुठे नोकरीला आहे, हे मला कोणीही विचारले नाही. २०२४ पासून अॅप आणि व्हिडिओवरून सल्लाही मिळतो. आमच्याकडे टाकीजवळ उभे राहिल्याशिवाय रेंज येत नाही, त्यामुळे मला साधा फोनच सोयीचा वाटला.

या सेवेकडून काय मागू नये, हेही लिहिणे मला आवश्यक वाटते. कामाचा ताण कामातूनच येतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटले आहे. डोंगरी भागात ३,००० आणि सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण कागदावर आहे. पण शेजारच्या उपकेंद्रातील पद रिकामे पडले की त्या गावांचे लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि तीच माहिती एकदा वहीत व पुन्हा पोर्टलवर भरणे, हे सारे एकाच बाईकडे येते. कोणत्याही समुपदेशकाला ते पद भरता येणार नाही. म्हणून ताण व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात हा क्रमांक सांगून विषय मिटवला जातो तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण त्यात चांगल्या सेवेवर भलताच भार टाकलेला असतो.

परंतु रात्री दोन वाजता नोंदवही उघडून बसलेल्या बाईला पदभरतीची वाट पाहता येत नाही. तिने फोन करावा, असे मी अनुभवाने सांगते. शक्यतो दार लावता येईल अशी जागा आणि तासभर वेळ हाताशी ठेवावा, म्हणजे बोलणे अर्धवट तुटत नाही.

त्या बाळाच्या घरी गेलेल्या आशाताईंना तर नियमित पगारही नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. सभेत त्यांना कोणी काही विचारले नाही, पण बाळाच्या वस्तीवर जायचे त्या टाळू लागल्या होत्या. महिन्याभराने मी त्यांना त्याच प्रसूतिकक्षात बसवले, १४४१६ लावून फोन त्यांच्या हातात दिला आणि त्यांचे बोलणे होईपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिले.