वॉरफेरिनचा डोस एआय सुचवतंय, पण पाव गोळी कापायची कशी?

आईच्या हृदयातल्या मायट्रल व्हॉल्व्हच्या (झडपेच्या) जागी धातूचा व्हॉल्व्ह बसवलाय, त्यामुळं वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, जन्मभर आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, जितका जास्त तितकं रक्त पातळ) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा. बेळगावात जिथं दाखवतोय तिथं काही महिन्यांपासून एआयवालं सॉफ्टवेअर आलंय, मागचे आयएनआर, मागचे डोस, वय, चालू औषधं बघून ते डोस सुचवतं, सही डॉक्टरांचीच.

गेल्या खेपेला चिठ्ठीवर रोज ३.२५ एमजी छापून आलं. मेडिकलमध्ये मिळतात १, २, ३ आणि ५ च्या गोळ्या. म्हणजे १ ची गोळी घेऊन चार तुकडे करा! ब्लेड लावलं की निम्मा भुगा ताटलीत, आणि हे औषध थोडं जास्त झालं तर रक्तस्राव, कमी पडलं तर व्हॉल्व्हवर गुठळी, मग तो भुगा मोजायचा कसा सांगा. पट्टी वाया गेली, वर खानापूरहून परत बसभाडं. काउंटरवर चांगलाच भांडलो, तर पोरगा म्हणतोय, "सिस्टीम तसंच दाखवतंय की वो अण्णा."

शेवटी डॉक्टरांनी स्वतः उघडून बघितलं. कुठल्या पॉवरच्या गोळ्या मिळतात तो रकाना कुणी भरलाच नव्हता! भरल्यावर लगेच आठवड्याचा तक्ता आला, पाच दिवस ३, दोन दिवस ४, एकूण २३ एमजी. यातलं निम्मं औषध अंगातून उतरायलाच दीड-दोन दिवस लागतात, म्हणून एका दिवसाच्या फरकानं बिघडत नाही, आठवड्याची बेरीज बघायची, असं त्यांनी नीट समजावलं.

आता खरं सांगतो, राग बराच उतरलाय. कारण मधे आईचं पोट बिघडलं, गावातल्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिलं, मी फोन करून नाव सांगितलं तर सिस्टीमनं लगेच लाल इशारा दिला, त्यानं वॉरफेरिनचा असर वाढतो म्हणून. डॉक्टरांनी डोस उतरवला, तीन-चार दिवसांत तपासायला लावलं, आयएनआर ३.४. थोडक्यात वाचलो.

पण थंडीत मेथी रोज पोटात जायला लागली आणि आयएनआर १.९ वर आला, तेव्हा मशीन सरळ डोस वाढवा म्हणालं. "आजी, जेवणात काय बदललं?" हे डॉक्टरांनी विचारलं. पालेभाजीनं या गोळीचा असर कमी होतो, पण पालेभाजी बंद नाही, दर आठवड्याला सारखीच खा म्हणाले.

तुमच्याकडं हे सॉफ्टवेअर असेल तर पहिल्याच दिवशी गोळ्यांची पॉवर भरून घ्या, आणि पाव गोळी लिहिलेली चिठ्ठी घेऊन काउंटर सोडू नका.