विवाह नोंदणीचा सल्ला: काम चोख, वागणूक सदोष

माझ्या भाचीने केनियातील तरुणाशी लग्न ठरवल्यावर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालील नोंदणीसाठी आम्ही बेळगावातील एका सल्लागारांकडे गेलो. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, मग नोटीस, हरकतींसाठी पुढचे ३० दिवस आणि शेवटी ३ साक्षीदार, हे सारे त्यांनी मराठीत नीट समजावले. कन्नडमधील कागदही वाचून दाखवले.

परंतु सज्ञान भाची समोर बसलेली असताना प्रत्येक प्रश्न तिच्या वडिलांना विचारला गेला, आणि नवऱ्या मुलाचा फोटो पाहताच लेखनिकाने तो उलटा करून फाईलखाली सरकवला. याच कार्यालयात माझ्या पुतण्याच्या जर्मन बायकोच्या गोरेपणाचे तोंडभर कौतुक झाले होते, कुंदाही वाटला गेला होता. मुलाने गोरी सून आणली की घराण्याची शान वाढते आणि मुलीने काळा जावई निवडला की नाक कापले जाते, हा हिशेब मला मुळीच मान्य नाही.

भाचीने फोटो सुलटा करून टेबलावर ठेवला आणि मगच सही केली.

शुल्क वाजवी आहे. मात्र प्रश्न मुलीलाच विचारावेत, असे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.